मोडायचा दिवस

शाळेत त्यांना तोंडावर वर्कशॉपच्या बाई म्हणत आणि पाठीमागे मोडतोडबाई. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा शिपाई घाईघाईत दारातून ओरडला, ‘‘मोडतोडबाई, हेडसरांनी बोलावलंय,’’ आणि मग त्याने जीभ चावली. बाईंनी हातातली कानस खाली ठेवली नि म्हणाल्या, ‘‘आलेच म्हणून सांगा. आणि जीभ अशी चावू नका, ती जोडून द्यायची सोय आपल्याकडे नाही.’’

ही शाळा तांत्रिक. म्हणजे इथल्या नववी-दहावीच्या पोरापोरींना भूमितीच्या जोडीला करवत, कानस आणि पाना चालवावा लागतो, आणि सगळ्या वर्गाने मिळून एक यंत्र बनवायचं असतं. यंत्र कुणासाठी, हे आधी ठरवायचं. ‘समाजासाठी’ असं कुणी म्हणालं की बाई विचारत, ‘‘समाज कुठल्या गल्लीत राहतो? दार वाजवून आलास का त्याचं?’’ त्यांना हाडामांसाचं, कुरकुर करणारं गिऱ्हाईक हवं असे.

मोडायची खोड त्यांना उगाच लागली नव्हती. त्या नोकरीला लागल्या तेव्हा वर्कशॉपमध्ये काचेचं एक कपाट होतं. मागच्या वर्गांनी केलेली यंत्रं त्यात ओळीने मांडलेली. नवा वर्ग यायचा, कपाटात बघायचा आणि तसंच बनवायचा. पाणी उपसायच्या एका यंत्राच्या पट्टीला मधोमध भोक होतं. त्यात ना बोल्ट, ना खिळा. हे कशासाठी, म्हणून बाईंनी विचारलं, तर कुणाला सांगता येईना. शेवटी एक जुना विद्यार्थी बाजारात भेटला, तो खाली बघत म्हणाला, ‘‘बाई, ते माझ्याकडून चुकून पडलं होतं.’’ आणि त्याच्या मागून आलेला प्रत्येक वर्ग ते भोक मोजूनमापून, मन लावून पाडत आला होता. बाई पोट धरून हसल्या. हसू ओसरल्यावर मात्र त्यांना भीतीच वाटली. त्यांनी ते कपाट रिकामं करून घेतलं आणि त्यात झाडू-बादल्या ठेवल्या.

बाईंचे वडील पंप दुरुस्त करायचे. त्यांचं एक म्हणणं होतं. ‘‘पोरी, जोडणारे पैशाला पासरी मिळतात, उघडून बघणारा एखादा.’’ बंद पडलेला पंप ते आधी पूर्ण उघडत, प्रत्येक भाग पुसून फडक्यावर मांडत आणि कुठे झिजलंय ते बोटाने चाचपत. तोवर गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलत नसत. आता त्यांचे हात थरथरायचे, चहाचा कपही बाई धरून द्यायच्या, पण ते म्हणणं बाईंनी उचलून शाळेत आणलं होतं.

तर नियम असा. पहिलं यंत्र आपलं, दुसरं गिऱ्हाइकाचं. नववीत जे बनेल त्यात चुकाच चुका असणार. ते गिऱ्हाइकाकडून भरपूर चालवून घ्यायचं, शिव्या खायच्या, आणि नववीच्या शेवटच्या दिवशी ते स्वतःच्या हाताने मोडायचं. नट-बोल्ट डब्यात, पाइप कापून रॅकवर, आणि झिजलेला प्रत्येक भाग वेगळा मांडून तो का झिजला ते फळ्यावर लिहायचं. मग दहावीत त्यातून शिकून दुसरं बनवायचं, आणि ते गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचं. मोडायच्या दिवशी दरवर्षी रडारड असे. कुणी उघडायच्या ऐवजी हातोडाच घाली, कुणी आपला लाडका भाग दप्तरात लपवी. बाई फिरून फिरून घसा बसेपर्यंत सांगत, आणि शेवटी म्हणत, ‘‘एक दिवस असा यावा, की मी दार उघडावं आणि तुम्ही मला न विचारता सगळं नीट केलेलं असावं. त्या दिवशी मी सुखाने घरी बसेन.’’

या वर्षीचं गिऱ्हाईक होतं शाळेमागच्या गल्लीतली लॉन्ड्रीवाली मावशी. तिच्याकडे दवाखान्याच्या चादरी धुवायला येत. चादर धुणं एकटीचं काम, वाळत घालणंही एकटीचं, पण घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं. आजवर ते टोक तिची बहीण धरत होती. बहीण गेली. मावशी आता चादरीचं एक टोक खिडकीच्या गजाला चिमट्याने लावायची आणि दुसरं घेऊन खिडकीकडे चालत जायची. चिमटा सुटायचा, चादर फरशीवर पडायची, पुन्हा धुवायची. हे वर्गातल्या एका मुलीने पाहिलं. ती अंगाने एवढीशी, आणि कुठलेही दोन भाग जोडताना ‘‘मध्ये काहीतरी घालू या ना, नाहीतर घासेल,’’ म्हणायची, म्हणून पोरांनी तिचं नाव वॉशर ठेवलेलं.

वर्गाने चादरीची घडी घालायचं यंत्र बनवलं. चौकोनी पाइपची चौकट, दोन लाकडी हात, सायकलची साखळी आणि पायडल. चादरीची चार टोकं चिमट्यात द्यायची, पायडल मारायचं, की समोरचा हात रुळावरून चालत यायचा आणि आपलं टोक आपल्या हातात आणून द्यायचा. पहिल्या दिवशी त्याने चादर टराटरा फाडली. मावशी म्हणाली, ‘‘माझी बहीण चिडायची, पण एवढी नाही.’’ पोरांनी मापं घेतली, पुन्हा घेतली, शेवटी वॉशरच्या ध्यानात आलं की चूक यंत्राची नाही. धुऊन धुऊन दवाखान्याची एकही चादर चौकोनी उरलेली नव्हती. सगळ्या एका अंगाने आटलेल्या. मग त्यांनी एक हात मुद्दाम ढिला ठेवला, चादर जिकडे ओढेल तिकडे वळणारा. त्यानंतर यंत्र चाललं. मावशी रोज दुपारी गाठोडं घेऊन शाळेत येऊ लागली, घडी घालता घालता पोरांच्या आयांची चौकशी करू लागली, आणि जाताना न चुकता विचारू लागली, ‘‘माझं कधी देणार?’’ पोरं म्हणत, ‘‘दहावीत, मावशी. हे मोडलं की.’’

त्याच वर्षी वरून परिपत्रक आलं. यापुढे शिक्षण प्रकल्पाधारित होणार. बाईंनी ते वाचून हेडसरांना विचारलं, ‘‘माशांनाही पोहायचं परिपत्रक गेलं असेल ना?’’ हेडसर हसले नाहीत. पुढचं पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं. सगळ्या तांत्रिक शाळांची वर्कशॉप ठेवणं आता परवडत नाही. जिथे मुलांनी स्वतः बनवलेलं, चालू स्थितीतलं यंत्र समिती प्रत्यक्ष बघेल, तीच वर्कशॉप राहतील. बाकीच्या ठिकाणी लेथ, टेबलांना जखडलेले वाइस, वेल्डिंग सगळं उचलायचं आणि किटची लॅब करायची. किट म्हणजे खोक्यातून आलेले तयार भाग, चित्र बघून जोडायचे.

‘‘मग येऊ दे की समिती,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’’

समिती काही येईना. शाळा लहान, रस्ता आडबाजूचा. हेडसरांनी व्हिडिओ पाठवला, तर उत्तर आलं की व्हिडिओ धरला जाणार नाही, कारण कुठल्याशा शाळेने विकत आणलेलं यंत्र दाखवून समितीला फसवलं होतं. बाईंनी या सगळ्याची वर्गाला ताकास तूर लागू दिली नाही. पोरं वर्कशॉप वाचवायला पायडल मारू लागली की चादरीकडे त्यांचं लक्ष राहणार नाही, असं त्यांचं मत. कुणाला दाखवायचंय म्हणून केलेलं काम त्यांना बघवत नसे. मत चांगलंच होतं. चांगल्या मतांनीही माणसाचं वाटोळं होतं, हे आपल्याला कुणी लहानपणी सांगत नाही.

वर्ष संपत आलं. समितीचे शेवटचे दोन दिवस उरले, तेव्हा बाई स्वतः उठून मोठ्या कचेरीत गेल्या. शेजारणीला वडिलांकडे बघायला सांगितलं, आणि बाकावर जाऊन बसल्या. पहिला दिवस गेला. साहेब मीटिंगमध्ये, साहेब जेवायला, साहेब गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा तिथेच. हा नववीचा शेवटचा दिवस होता, मोडायचा दिवस, आणि बाईंना ते चांगलं आठवत होतं. या वर्षी मोडायचं नाही, समिती येऊन जाईपर्यंत थांबायचं, असं त्या आज परत गेल्यावर पोरांना सांगणार होत्या. पण आपण शाळेत नाही म्हटल्यावर पोरं वाट बघत बसतील, असं त्या धरून चालल्या. आजवर कुठल्या वर्गाने त्यांच्यावाचून एक नट सोडवला होता?

समितीच्या प्रमुख मॅडम दारातून बाहेर पडल्या आणि बाकावर कालचीच बाई बघून थबकल्या. ‘‘तुम्ही अजून इथेच?’’

‘‘यंत्र चालू आहे, मॅडम. एकदा बघा. मग नाही म्हणा.’’

मॅडमच्या मनात काय आलं कोण जाणे. त्यांनी बरोबरच्या इंजिनिअर साहेबांकडे पाहिलं. ‘‘आपल्याला त्याच बाजूला जायचंय ना? चला, आत्ताच बघू. शाळेला कळवू मात्र नका. आधी कळवलं की सगळीकडे मुलं गणवेश चढवून ओळीत उभी असतात.’’

‘‘मीही कधी कळवत नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की गाडीत त्या उगाचच खिडकीची काच खालीवर करत राहिल्या. चालू आहे ना, म्हणून साहेबांनी पुन्हा विचारलं. बाईंनी सांगितलं, ढिला हात कसा आहे, चादरी कशा आटतात, साखळी कुठे उडी मारते. मॅडम ऐकत होत्या, मधून प्रश्न विचारत होत्या. माणसं वाईट नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

शाळा शांत होती. वर्कशॉपचं दार लोटलेलं. बाईंनी ते उघडलं.

आत अख्खा वर्ग उभा होता. कपाळावर घाम, हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहरे असे की आता फुटतील. मधल्या टेबलांवर मावशीकडून आणलेली पांढरी चादर अंथरलेली, आणि तिच्यावर यंत्र होतं. म्हणजे यंत्राचा प्रत्येक भाग होता. धुऊन, पुसून, तेल लावून मांडलेला. शाबूत एका बाजूला, झिजलेले दुसऱ्या बाजूला. बिस्किटांच्या डब्यांत नट मापाप्रमाणे वेगळे. पाइप कापून, टोकं घासून रॅकवर चढवलेले. फळ्यावर वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरात लिहिलं होतं, काय झिजलं, किती झिजलं, दुसऱ्या यंत्रात काय बदलायचं. एकही बोल्ट वाकलेला नव्हता. कुणी हातोडा घेतलेला नव्हता. इतकं सुंदर मोडलेलं यंत्र बाईंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

‘‘बाई,’’ वॉशर म्हणाली, आणि तिने टेबलांकडे हात केला. मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘न विचारता केलं, बाई.’’

दैव देतं आणि कर्म नेतं, असं म्हणतात. इथे तर कर्मही चांगलंच होतं.

बाईंनी वाइसला हात टेकला. मागे मॅडम आणि साहेब उभे होते, समोर ती तोंडं होती, आणि मधे चादर. एक शब्द, ‘अरे, हे काय केलंत,’ एवढा एकच शब्द त्यांच्या ओठांशी आला होता. तो बाहेर पडला असता तर त्या पोरांनी जन्मात पुन्हा कुठलीही गोष्ट न विचारता केली नसती. बाईंनी तो गिळला. टेबलाजवळ जाऊन त्यांनी साखळीचा एक दुवा उचलला, बोटाने चाचपला.

‘‘शाब्बास,’’ त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता. ‘‘शाब्बास रे. हे बघा मॅडम, आमचा नववीचा वर्ग.’’

साहेबांनी फळा वाचला. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एक-दोन प्रश्न विचारले, आणि पोरांनी चढाओढीने उत्तरं दिली. मॅडमनी ढिल्या हाताची बिजागरी हातात घेऊन पाहिली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्यांनी चष्मा काढला.

‘‘चालताना बघायला हवं होतं हो.’’

‘‘पुन्हा जोडता येईल,’’ बाई म्हणाल्या, आणि म्हणतानाच त्यांना दारातून रॅकवरचे कापलेले पाइप दिसले. चौकट नव्याने जोडायची म्हणजे पंधरवडा. राहणाऱ्या वर्कशॉपची यादी आज संध्याकाळीच जाणार होती, पोरं सुट्टीला.

‘‘मला पटलंय, बाई,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण मी काय लिहू? चालू स्थितीतलं यंत्र पाहिलं, असं? एकदा खोटं लिहिलं की सगळ्यांसाठी लिहावं लागतं.’’

मॅडमच्या जागी बाई असत्या तर त्यांनीही लिहिलं नसतं.

गाडी गेल्यावर हेडसर हळूच आले. ‘‘मी सकाळी बघितलं हो त्यांना मोडताना. मला वाटलं, तुम्हीच सांगून गेलात. दरवर्षी याच दिवशी मोडता ना तुम्ही.’’

‘‘हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दरवर्षी मोडतो.’’ आपलेच दात नि आपलेच ओठ. त्यांनी हेडसरांना एवढंच सांगितलं, की पोरांना यातलं काही कळू द्यायचं नाही. वर्कशॉप वरच्या निर्णयाने बंद झालं, असं सांगायचं. ते खोटंही नव्हतं.

घरी वडिलांना मात्र त्यांनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने निम्मं ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. ‘‘एकही बोल्ट वाकवला नाही? कुणी न सांगता?’’

‘‘नाही, बाबा.’’

‘‘मग शिकली की पोरं,’’ असं म्हणून त्याने हात पुढे केला, चहाच्या कपासाठी. बाईंनी कप धरला आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडल्या. शिकली, हेच तर झालं होतं. न शिकती तर वर्कशॉप राहिलं असतं.

सुट्टीत ट्रक आला. लेथ उचलताना फरशीचा तुकडा निघाला, तो कुणीतरी बाजूला सारला. वाइस काढल्यावर टेबलांवर नुसती भोकं राहिली, आणि पुढे कधीतरी कुणी विचारेल हे कशाला, तर सांगता यायचं नाही. पाइपचा रॅक भंगारात गेला, डबेही गेले. बाईंनी ढिल्या हाताची बिजागरी तेवढी पिशवीत टाकली, आणि शरम वाटून पुन्हा काढून ट्रकमध्ये ठेवली. लपवू नका म्हणून आजवर त्यांनीच पोरांना रागावलं होतं. काचेचं कपाट झाडू-बादल्या काढून धुतलं गेलं. त्यात आता किटची खोकी राहणार होती, आणि किल्ली बाईंकडे दिली. लॅबमध्ये करण्यासारखं काही नव्हतं. पोरं चित्र बघून जोडायची, तास संपला की भाग मोजून परत खोक्यात ठेवायची. सगळं पहिल्याच फटक्यात चालायचं. मग बाईंनी लवकर निवृत्तीचा अर्ज दिला आणि हेडसरांनी तो मान खाली घालून घेतला. सुखाने नाही, पण घरी बसणार होत्या.

एक काम राहिलं होतं. मावशीला सांगायचं होतं की दुसरं यंत्र येणार नाही. बाई रोज त्या गल्लीपर्यंत जायच्या आणि कोपऱ्यावरून परत फिरायच्या. शेवटी एका संध्याकाळी, शाळा सुटल्यावर, त्या मन घट्ट करून लॉन्ड्रीच्या दारात उभ्या राहिल्या.

आत वाफ होती. मावशीने चादरीचं एक टोक धरलं होतं. दुसरं टोक वॉशरच्या हातात होतं, दप्तर खांद्यावर तसंच.

‘‘या, बाई,’’ मावशी म्हणाली. ‘‘ही तुमची पोर रोज येते. मी म्हटलं, कशाला येतेस, अभ्यास कर. तर म्हणते, यंत्र आमच्यामुळे गेलं, निदान टोक तरी धरते.’’

बाईंनी मुलीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘कुणीच नाही.’’ पोर चादरीकडेच बघत होती. ‘‘तुम्ही शाब्बास म्हणालात ना, त्याआधी वाइसला टेकून उभ्या राहिलात. आणि चालताना बघायला हवं होतं असं त्या मॅडम म्हणाल्या, ते मी दाराशी ऐकलं. बाकीच्यांना मी सांगितलं नाही, बाई. त्यांना वाटतंय, आपलं छान झालं.’’

एवढीशी पोर. दोन भागांच्या मध्ये काहीतरी घालणारी. बाईंनी जे एकच वाचवलं म्हणून स्वतःची समजूत घातली होती, तेही वाचलं नव्हतं. इतके महिने ते ओझं हिने एकटीने, वर्गात बसून, किटचे भाग मोजत वाहिलं होतं.

मावशी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिच्या हातातलं टोक तसंच राहिलं.

‘‘बाई,’’ मुलगी म्हणाली, ‘‘आम्ही एक दिवस थांबलो असतो तर?’’

हिला काय सांगायचं? थांबला असता तर वर्कशॉप राहिलं असतं, हे खरं होतं. तुम्ही बरोबर केलंत, हेही खरं होतं. आयुष्यभर बाईंनी पोरांना शिकवलं होतं की उघडा, बघा, चूक कुठे आहे ते सापडतंच. त्यांनी मनातल्या मनात तो सगळा दिवस उघडून मांडला, कितव्यांदा तरी, एकेक भाग बोटाने चाचपला. कुठेच काही झिजलेलं नव्हतं.

त्यांनी पिशवी दाराशी ठेवली, बाह्या सारल्या आणि मुलीच्या शेजारी जाऊन टोकाचा एक कोपरा आपल्या हातात घेतला.

‘‘चादर खाली टेकतेय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वर धर.’’